प्रदर्शनाचा इतिहास, जनावरं वगळून

पुण्यातल्या पशुप्रदर्शनाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण तो माहीत असलेली बाकीची माणसं वारली होती. प्रदर्शन समितीच्या सचिवांनी फोनवर हे इतक्याच सरळपणे सांगितलं. "आपणच उरलात, डॉक्टर. स्मरणिकेसाठी चार पानं द्या. जुन्या आठवणी, थोडं भावनिक."

मी जनावरांचा डॉक्टर. विदर्भातून सरकारी नोकरीवर पुण्यात आलो आणि निवृत्त होईपर्यंत या प्रदर्शनात परीक्षक होतो. आता वारज्यात राहतो.

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या कार्यालयात जाऊन मी जुन्या निकालांची रजिस्टरं मागितली.

"ती रद्दीत गेली. जागा लागत होती," सचिव म्हणाले.

कशाला लागत होती ते भिंतींवर दिसतच होतं. शाल, श्रीफळ, हार, पुन्हा शाल. इतक्या वर्षांच्या फोटोंत जनावर एकही नव्हतं. एका फोटोच्या कडेला बैलाचं शिंग तेवढं आलं होतं. ते बहुधा कापायचं राहून गेलं असावं.

"यंदा जनावरं कमीच ठेवलीयेत," सचिवांनी अभिमानाने सांगितलं. "वास येतो. फ्लॅटवाल्यांच्या स्टॉलची तक्रार असते. एक खिल्लार बैल आहे, सेल्फीसाठी."

म्हणजे पशुप्रदर्शनातून पशू काढला की उरतं ते स्वच्छ प्रदर्शन. गाद्या, मसाजच्या खुर्च्या, लोणची आणि एनए प्लॉट. पुण्यात याला प्रगती म्हणतात.

घरी येऊन लिहायला बसलो, तर एकच दिवस डोळ्यांसमोर येत राहिला. मी परीक्षक झालो त्याचं ते दुसरंच वर्ष. प्रदर्शन तेव्हा स्वारगेटजवळच्या मैदानावर भरायचं. दुभत्या गाईंच्या गटात तत्कालीन अध्यक्षांच्या मेहुण्याची एक भलीथोरली गाय होती. कास एवढी तट्ट की पाय फाकवून उभी. जवळ गेलो तर सडांतून दूध ठिबकत होतं. कास मोठी दिसावी म्हणून आदल्या दिवसापासून तिची धारच काढली नव्हती. हात लावताच ती वेदनेने कण्हली. मी तिला गटातून बाद केलं आणि आधी धार काढा म्हणून मेहुण्यांना सांगितलं.

पहिला नंबर मी वारज्याच्या एका बाईंच्या गाईला दिला. वारजे तेव्हा गाव होतं. बाई पहाटे निघून गाईला चालवत घेऊन आल्या होत्या. गाय लहानखुरी, पण पाठ सरळ, कास मऊ आणि डोळे शांत. गाय फार चांगली आहे, असं मी म्हणालो, तेव्हा बाईंनी तिच्या गळ्याला मिठी मारली.

संध्याकाळी व्यासपीठावर नावं वाचली गेली. पहिला नंबर मेहुण्यांचा. बाईंचं नाव यादीतच नव्हतं. मी शेजारच्या पदाधिकाऱ्यांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "आपण नवीन आहात. आणि आडनावावरून बाहेरचे दिसता. जरा सांभाळून."

या वाक्यातलं 'बाहेरचे' किती लांबचं होतं ते मला नेमकं कळलं. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला तो असल्या नजरांपुढे मान खाली घालायची नाही म्हणून. आणि त्यांचा शिकलेला मुलगा काय करत होता? टाळ्या वाजवत होता. बाकी सगळ्यांना नावं ठेवण्याआधी हे एवढं लिहून ठेवलं पाहिजे.

त्या बाई वारज्याच्या गावठाणात अजून राहतात असं कळलं. गेलो. ऐंशीच्या पुढच्या, पण बसल्या होत्या ताठ. मी कोण ते सांगितलं.

"वळखलं की, डाक्टर. तुमी टाळ्या वाजवल्या व्हत्या. म्या बघितलं."

मी म्हणालो, "मावशी, आता खरं काय झालं ते लिहितोय."

"लिवा. पर रडगाणं नगं. गाय लई चांगली हाय, असं तुमी सवता म्हनला व्हता, ते लिवा."

मी ते लिहिलं, आणि टाळ्यांचंही लिहिलं. चार पानं कार्यालयात दिली. आठवड्याने स्मरणिका तयार करणाऱ्या एजन्सीच्या मुलीचा फोन आला.

"सर, कंटेंट छान आहे, पण थोडं निगेटिव्ह जातंय. ते गाईचं काढलं तर चालेल ना? फ्लो चांगला येतो."

"काढून काय उरतं?"

"शेवटच्या शुभेच्छा, सर."

मी माझं नाव काढून घेतलं. त्यांना काही अडलं नाही. स्मरणिकेत 'दूरदृष्टीच्या नेतृत्वाची वाटचाल' असा लेख आला आणि अख्ख्या अंकात गाय हा शब्द एकदाच होता, तोही तुपाच्या जाहिरातीत.

मग मी पेठेतल्याच एका दुकानात माझ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि उद्घाटनाच्या दिवशी प्रदर्शनाच्या फाटकाशी उभा राहिलो. या वयात पत्रकं वाटणारा माणूस पुण्यात एक तर वेडा समजला जातो, नाही तर क्लासवाला. दोघांनी मला अकरावीच्या प्रवेशाचं विचारलं. सचिव गाडीतून उतरले, एक प्रत हातात घेतली आणि म्हणाले, "अहो, जरा बाजूला उभे राहता का? पाहुणे यायचेत."

मी हललो नाही. ते पाहुण्यांकडे वळले.

दुपारी पुरंदरकडचे एक शेतकरी रांगेतून परत माझ्याकडे आले. त्यांनी चारही पानं उभ्याउभ्या वाचली होती.

"आमच्या वडलांच्या खोंडाचं असंच केलंतं," ते म्हणाले. "दात बघून वय जादा हाय म्हनले. दोनच दात व्हते त्याला, जेमतेम दोन-अडीच वर्साचा. ते लिवलंय का कुटं?"

"नाही."

"मग लिवा की."

मी खिशातलं पेन काढलं आणि एक प्रत उलटी केली. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, म्हशीचं चालेल का. मी चालेल म्हणालो. आत भाषणं सुरू झाली होती, आणि फाटकाशी माझ्यासमोर सहा माणसं आपापल्या जनावराबद्दल बोलायला थांबली होती.