उगवत-मावळत सांगणाऱ्या इंदूकाकू

इंदूकाकूंची आणि माझी ओळख जिन्यात झाली. जयपूरच्या सोडाला भागातल्या त्या इमारतीत मी नुकतीच राहायला आले होते. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढत होते, तेवढ्यात वरून खणखणीत मराठी आवाज आला, "अगं पोरी, ओढणी मावळतीकडनं लोंबतीय. पायात येईल!" जयपुरात कुणी मराठीत हटकतं याचंच आधी नवल. त्यात ओढणीचं मावळतीकडचं टोक शोधायला मी गर्रकन वळले आणि पडता पडता वाचले. काकू हसत म्हणाल्या, "आता उगवतीकडं गेलं बघ."

काकू बार्शीकडच्या. नवरा रेल्वेत गार्ड. बदली होऊन इथं आले, इथंच निवृत्त झाले आणि इथंच गेले. मागे राहिले मुलगा महेश, जयपूरचीच सून रश्मी आणि छोटी नात पिहू. अर्धं आयुष्य परमुलखात काढूनही काकूंनी आपली बोलायची रीत सोडली नव्हती. "डबा उत्तरेच्या फळीवर हाय." "भाजी दक्षिणेच्या शेगडीवर ठेव." रश्मी बिचारी स्वयंपाकघरात गोल गोल फिरायची आणि रडकुंडीला येऊन विचारायची, "मम्मीजी, लेफ्ट या राइट?" काकूंचं उत्तर ठरलेलं असे. "डावं-उजवं आपल्यासंगं फिरतंय बाई. त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा?"

पिहू कधी त्यांचे डोळे बांधून त्यांना गरागरा फिरवायची. काकू थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि न चुकता बोट करायच्या. "आमची बार्शी तिकडं." मी सीतापुऱ्यातल्या कॉलेजात शिकवते, त्यामुळे कशाचंही कारण शोधायची खोड आहे. मला आधी वाटायचं, दिशा कळतात म्हणून काकू तसं बोलतात. हळूहळू लक्षात आलं की गोष्ट उलटी आहे. साधी वाटी मागायची तरी त्यांना सूर्य कुठं आहे याचं भान ठेवावं लागे. त्यांच्या भाषेनंच त्यांना जन्मभर जागं ठेवलं होतं. मला त्यांचा हेवा वाटायचा.

गेल्या होळीनंतरची गोष्ट. चहा घेताना काकू मला म्हणाल्या, "तुझ्या डाव्या हाताचा कप दे." रश्मीनं ऐकलं आणि टाळ्याच पिटल्या. "दीदी, मम्मीजी सीख गईं!" महेशनं संध्याकाळी गरम कचोऱ्या आणल्या. आजीचं बोलणं आता आपल्याला कळणार म्हणून पिहू नाचली. काकूही सगळ्यांकडं बघून हसत होत्या, पण आपण काय केलं हे त्यांना समजलेलं दिसत नव्हतं. मी मात्र महेशला बाजूला घेऊन म्हटलं, "डॉक्टरांना दाखवू या का?"

तो हसला. "ताई, मतलब आई नॉर्मल बोलायला लागली, तर डॉक्टर कशाला?"

त्यानंतर काकू रोजच्यासारख्या खिडकीशी बसेनाशा झाल्या. कधी बाल्कनीच्या आणि न्हाणीघराच्या दारांच्या मधोमध नुसत्या उभ्या राहत. "उजवीकडं," असं पुटपुटत आणि स्वतःचा तळहात न्याहाळत. त्या हाताच्या पलीकडचं जग कुणीतरी रोज थोडं थोडं काढून नेत होतं, आणि घरातले सगळे खूश होते. मला रात्री झोप लागेना.

जूनमधल्या एका दुपारी आभाळ पिवळं पडलं. आंधी येणार हे दिसतच होतं. काकू कोपऱ्यावरच्या ठेल्यावर कोथिंबीर आणायला गेल्या होत्या. बघता बघता धुळीनं समोरची इमारत दिसेनाशी झाली आणि काकू काही परतल्या नाहीत. महेशनं त्यांना फोन लावला. पलीकडं नुसता वारा घोंघावत होता.

"आई, कुठं आहेस?"

"हितंच हाय."

"इथं म्हणजे कुठं?"

"डाव्या हाताला दुकान हाय. उजव्या हाताला दुकान हाय."

"ठीक से सांग ना, आई!" महेश ओरडला. त्याच्या हातातून मी फोन घेतला. "काकू, उगवत कुणीकडं आहे?"

वाऱ्यातून बारीक आवाज आला, "मी वळले की सगळंच वळतंय गं." आणि फोन बंद झाला.

अंधार पडताना शहराबाहेर तीसेक किलोमीटरवरच्या चौमूंच्या बसस्टँडवरून एका कंडक्टरचा फोन आला. एक माताजी बसमधून उतरायलाच तयार नाहीत, म्हणाला. आम्ही पोचलो तेव्हा काकूंच्या पापण्यांवर धूळ होती आणि मुठीत सुकलेली कोथिंबीर. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, दाराला बाहेरून कडी लागली. आजार पुष्कळ आधीच सुरू झाला असावा, असं डॉक्टर म्हणाले. महेश माझ्याकडं बघू शकला नाही. मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती.

पौषात, दाट धुक्याच्या एका सकाळी काकू गेल्या. पंडितजींनी फोनवरूनच सांगितलं, डोकं उत्तरेला करून ठेवा. महेशनं आणि शेजारच्या दोघांनी चादरीची टोकं धरून त्यांना उचललं आणि खोलीच्या मध्यावर तिघेही थबकले.

"उत्तर... किधर है?" महेशनं विचारलं.

रश्मीनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सगळं पांढरं होतं, सूर्याचा पत्ता नव्हता. मी भिंतींकडं पाहिलं. कुणालाच सांगता येईना. आणि मग आम्ही सगळ्यांनी, सवयीनं, काकूंकडं पाहिलं.