अक्काच्या वाट्याचा काढा

निरोप आला तेव्हा मी जुन्नरला माहेरी होते. पंचमीचा झोका अजून झाडावरून उतरवला नव्हता आणि हातावरची मेंदी ताजी होती. माझ्या सासरचा, निरगुडसरचा एक जण बाजाराला आला होता, त्यानं दारातूनच सांगितलं, "थोरल्या बाईंना ताप हाय. लई न्हाई, पर तुमी आलेलं बरं." लई नाही म्हणजे किती, हे आमच्याकडं बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं असतं. मी ओळखलं. एसटीनं मंचर गाठलं आणि तिथून एका ओळखीच्या बैलगाडीत बसून घरी पोचले. अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, माजघरात घोंगडीवर पडून होती. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय? आन् पंचमी अर्धीच टाकून?" त्या तापातही तिला माझ्या माहेरपणाची चुटपुट लागली होती. मी हातपाय धुतले, चूल पेटवली आणि तिच्याच पद्धतीनं गुळवेलीचा काढा करून तिच्या पितळी फुलपात्रात नेला. "ठिव तितं, घेते," ती म्हणाली. मी म्हटलं, "आत्ता घ्या, अक्का." "घेते म्हनलं न्हवं?" दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपात्र होतं तसंच भरलेलं होतं. मला वाटलं, उठायची ताकद उरली नसेल... मंचरचे डॉक्टर सायकलवरून येऊन इंजेक्शन देऊन गेले. न्यूमोनिया झालाय म्हणाले. त्याच दुपारी अक्का गेली.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी या घरात सून म्हणून आले. मी बाजारपेठेतली, सातवी पास झालेली, थोडी तोऱ्यातली. अक्का भीमाशंकरच्या डोंगरातली, तळेघरच्या बाजूची, अक्षरशत्रू आणि आवाजानं खणखणीत. आमच्या दोघींचं पटणार नाही असं अख्ख्या आळीनं ठरवून टाकलं होतं. आमचं पटलं, पण त्याआधी काढ्यावरून एक लढाई झाली. पंचमी झाली की दसऱ्यापर्यंत आमच्या घरात रोज सकाळी काढा व्हायचा. पाणी बदलतं, हवा बदलते, अंगात जोर असला तर ताप दारातूनच माघारी जातो, असं अक्काचं म्हणणं. विहिरीवरच्या कडुनिंबाला गुळवेल चढली होती, तिचीच कांडी घ्यायची. एकदा गड्यानं आंब्यावरची वेल आणली तर अक्कानं ती त्याच्यासमोर उकिरड्यावर टाकली. "निंबावरची कडू म्हंजी खरी कडू. ही काय, नुसतं पानी." रात्री कांडी ठेचून भिजत घालायची, सकाळी त्यात अडुळसा, काडेचिराईत, सुंठ आणि मूठभर तुळस टाकून पाणी निम्म्याहून कमी होईपर्यंत उकळायचं. घरभर असा वास सुटायचा की मांजरसुद्धा बाहेर जाऊन बसायचं.

काढा करणं हे काम नव्हतंच, काम होतं तो पाजणं. अक्का चुलीपाशी उभी राहायची आणि घरातल्या प्रत्येकानं तिच्यासमोर येऊन प्यायचा. प्यायल्यावर तोंड उघडून जीभ बाहेर काढायची. गालात धरून परसात थुंकणारे तिला ठाऊक होते. ती वाकून बघायची आणि म्हणायची, "हां. गेला. जा आता." पोरांना तर सोडाच, पण गावच्या पंचांत बसणारे, भरघोस मिशांचे माझे थोरले दीर, म्हणजे अक्काचे मालक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांचीसुद्धा सुटका नसायची. "अवं, जीभ दावा." आणि दादा निमूट जीभ दाखवायचे! मी नवी नवरी, काढ्याच्या पहिल्याच सकाळी हे बघितलं आणि पदरात तोंड खुपसून इतकी हसले की काढा नाकात गेला. अक्कानं मला दुसरं फुलपात्र भरून दिलं. मी म्हटलं, मला नको. ती म्हणाली, "नगं तर नगं. हितंच हुबी ऱ्हा मग, सांजच्यापतुर." मी बराच वेळ उभी राहिले. ती भाकरी थापत राहिली. शेवटी मी नाक दाबून प्याले. ती लढाई मी हरले आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

एक गोष्ट मात्र आता आठवते आणि जिवाला लागते. पाडव्याला अक्का कडुनिंबाचा पाला, ओवा, मीठ आणि गूळ वाटून प्रत्येकाच्या तळहातावर गोळी ठेवायची. स्वतःची गोळी करताना ती गूळ जरा सढळ हातानं घ्यायची. मी चिडवायचे, "अक्का, तुमच्या वाट्याला पाला कमी आन् गूळच फार!" ती म्हणायची, "थोरलेपनाचा मान असतोय तो." आम्ही हसायचो. काढ्याचंही तसंच. सगळ्यांचं झालं की ती म्हणायची, "माजा मी घेते हुब्या हुब्या," आणि फुलपात्र घेऊन परसात जायची. घरात एवढी माणसं, पण तिच्या मागं परसात कोणी गेलं नाही. जायचं कशाला? काढा पाजणारीच काढा पीत नसेल, हे कोणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?

तेरावं झाल्यावर घरातली काष्ठौषधं संपलेली दिसली म्हणून मी जुन्नरला गेले. बाजारात काष्ठौषधांचं जुनं दुकान आहे, तिथले चाचा आता बरेच थकलेत. मी लहानपणापासून त्यांना बघत आले, आणि अक्काही वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच माल न्यायची. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. चिराईत बांधता बांधता त्यांचा हात थांबला. मग त्यांनी मागच्या फळीवरून एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. उघडली तर ज्येष्ठमधाच्या काड्या. मी म्हटलं, "चाचा, हे मी मागितलं नाही."

"तुमच्या जाऊबाईंसाठी ठिवलं व्हतं," चाचा म्हणाले. "दरसाल न्यायच्या, काढ्याच्या बदली चघळायला. बाई, तुमाला म्हाईत न्हाई? त्यांना कडू उतरत नव्हतं. घोट घेतला की उलटून पडायचं. एकदा इथं याच पायरीवर बसून बोलल्या, चाचा, मी समद्यांना पाजते आन् माजा केळीला घालते. मी म्हटलं, घरात सांगा की, मधात देतील कोणीतरी. तर म्हणाल्या, पाजणारीनंच तोंड वाकडं केलं तर पोरं पितील का? आन् मग कोणाला ताप आला तर?" त्यांनी पुडी पुन्हा बांधून माझ्याकडं सरकवली. "मला शपथ घातली व्हती. आता सुटली म्हणून बोलतो."

परतीच्या एसटीत मी ती पुडी मांडीवर घेऊन बसले होते आणि रडत होते. बाजूच्या बाईनं विचारलं, काय झालं, तर काय सांगणार? परसातल्या केळीला कधी रोग पडला नाही, घड असे लागायचे की आळीतले लोक बघायला यायचे, आणि अक्का म्हणायची, आमच्या मोरीच्या पाण्याचा गुण आहे! काढ्यानं ती वाचली असती असं मी म्हणत नाही. मी डॉक्टरांनाही विचारलं. तेही म्हणाले की अंगात जोर असावा हे खरं, पण न्यूमोनिया काढ्याला विचारून येत नाही. ते मला पटतं. तरीही मन राहत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या समोर ती उभी राहिली. तिच्या समोर उभं राहून, जीभ दाखव म्हणणारं या भरल्या घरात एक माणूस नव्हतं. असतं तर तिला कडू उतरत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. मधात कालवून दिलं असतं, गुळात दिलं असतं, काहीतरी केलं असतं... घरी येऊन मी दाराआडून दादांना चाचांचं बोलणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खांद्यावर घोंगडी टाकली आणि रानात निघून गेले.

काढा पुन्हा सुरू करायचा की नाही, हे कोणी बोलेना. दसरा अजून लांब होता आणि गावात ताप होताच. मग एका सकाळी मीच गुळवेल उकळली. वास सुटला तशी पोरं आपापली येऊन उभी राहिली, कुरकुर न करता. पहिले दादा आले. एका दमात प्याले, फुलपात्र खाली ठेवलं, आणि चुलीच्या डाव्या अंगाला, जिथं अक्का उभी राहायची, तिकडं वळून त्यांनी तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली. सवयच ती. तिथं भिंत होती. पोरं हसली नाहीत. दादा तसेच उभे राहिले, आणि तोंड मिटायचं त्यांना सुचेना. मी दिरांच्या तोंडाकडं कधी मान वर करून बघितलेलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं आणि म्हटलं, "हां. गेला. जावा आता, दादा."

ते गेले नाहीत. सगळ्या पोरांचं होईपर्यंत थांबले. मग कोनाड्यातलं अक्काचं पितळी फुलपात्र त्यांनी स्वतः काढलं, माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "आता तू. हितं, माज्यासमोर."

मी प्याले. आणि पदर सावरून जीभ दाखवली.