गाऱ्हाण्यात पास झालेला स्लॅब

“...आनि म्हाराजा, हापिसातनं नवीन सायब आलेत. त्यांनी स्लॅब बघितलाय, पास केलाय. त्यांच्या मनात कायपन शंका ठेवू नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे एका सुरात म्हणाले.

मी स्लॅब बघितलाच नव्हता. नुकताच शिडी चढून वर आलो होतो, धापही ओसरली नव्हती.

मी बांधकाम निरीक्षक. नोकरीचा पहिलाच आठवडा होता. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुलभाताईंचं घर बांधलं जात होतं. आमच्या मोरे साहेबांनी मला तिथे पाठवलं. “एकेकाला गाठत कुठे फिरणार? स्लॅबच्या दिवशी सगळे एका जागी सापडतात. जा, स्लॅब तपास आणि ओळखही करून घे.” साहेबांचं बरोबर होतं. सेंट्रिंगवाले, म्हणजे खालून टेकू देऊन पत्र्यांचा साचा बसवणारे. फिटर, म्हणजे सळया बांधणारे. गवंडी, वायरमन, प्लंबर, सगळे हजर होते.

काय बोलायचं ते मी ठरवून गेलो होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील लांज्याकडे चिरेखाणीवर काम करायचे. चिरे काढणाऱ्या माणसाने मला शिकवलं, म्हणून बांधकामावरची सगळी माणसं मला घरच्यासारखी वाटतात, एवढंच सांगायचं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत गंगाराम मुकादमांनी हातात नारळ घेतला.

आमच्याकडे काम सुरू करताना गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे इथे तक्रार नव्हे. देवाला मोठ्याने सांगायचं, की अमुक काम करतोय, सांभाळून घे. ते ग्रामदेवतेच्या देवळाकडे तोंड करून घालतात. देऊळ पश्चिमेला आणि गॅलरीही पश्चिमेलाच. त्यामुळे गंगारामकाका गॅलरीत, त्यांच्या मागे सगळी माणसं गॅलरीत, आणि पाहुणा म्हणून मला ओढून घेतलं तेही गॅलरीत. कॉन्ट्रॅक्टर इम्तियाजभाईंनी खालीच बिस्मिल्ला म्हटलं होतं; आता तेही येऊन उभे राहिले. नारळ फुटला. खोबरं वाटलं.

खोबरं चावताना माझी नजर पायांकडे गेली. सळया पार खालच्या पत्र्याला टेकल्या होत्या.

हे जरा समजावून सांगतो. भरलेली बादली हात लांब करून धरली, तर ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो. गॅलरीचंही तसंच. ती एका बाजूने घराला धरलेली आणि पुढे अधांतरी. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. तो सळयांनी सोसायचा. म्हणून गॅलरीत मुख्य सळया वरच्या बाजूला हव्यात. खाली बसल्या, तर असून नसल्यासारख्या.

“इम्तियाजभाई, गॅलरी अशी ओतता येणार नाही.”

मिक्सर सुरू करायला निघालेला माणूस थांबला. इम्तियाजभाईंनी मला जरा बाजूला घेतलं. “साहेब, उद्या ही सगळी माणसं शिमग्याला गावी जाणार. पालखी नाचवून परत कधी येतील, ते त्यांनापण ठाऊक नसतं. आज स्लॅब नाही पडला तर माझं काय, पण या ताईंचं बघा.”

सुलभाताई शिडीच्या टोकाशीच उभ्या होत्या. त्यांचे यजमान बोटीवर नोकरीला, घराचं सगळं त्या एकट्या बघत होत्या. “पावसाच्या आत डोक्यावर छप्पर हवंय हो. ते मे महिन्यात घरी यायचेत.”

“ताई, त्याच गॅलरीत तुम्ही दोघं चहा घेत बसणार ना?”

त्यांनी वाकून गॅलरीतल्या सळयांकडे बघितलं.

अस्लम फिटर मात्र तापले. “मी सळया वरच बांधल्या होत्या. काल संध्याकाळी बघून गेलो. एवढी वरात वर नाचली तर त्या काय करतील?”

“म्हंजे आता देवाचा दोष काय?” गंगारामकाका म्हणाले.

“देवाचा कशाला? तुझ्या वजनाचा.”

सगळे हसले. मला हसावं की नाही कळेना, कारण मीही त्याच सळयांवर उभा होतो. मी हळूच घराच्या बाजूला सरकलो.

“चेअर किती आहेत?” मी विचारलं. चेअर म्हणजे वाकवलेल्या सळईचे छोटे पाय. वरच्या सळया त्यांच्यावर टेकवतात.

अस्लमभाईंनी वाकून बघितलं. “आहेत, पण लांब लांब. अन् वाकल्यात.” मग स्वतःच म्हणाले, “सळयांचे तुकडे पडलेत खाली. आता करून देतो. तुम्ही फक्त ही गर्दी उतरवा.”

गर्दी उतरली. पण गंगारामकाका जागचे हलेनात.

“सायब, एक अडचन हाय. मी देवाफुडं तुमच्या नावानं सांगितलाय, पास केलाय म्हनून. तुमी आता नापास करताव. मी तोंडघशी पडलो की.”

“काका, नापास नाही. अजून पेपर तपासतोय.”

“मंग तपासून झाल्यावर मला सांगा. परत घालतो.”

दुपार चढेपर्यंत काम चाललं. अस्लमभाई चेअर वाकवत होते, मी टेप घेऊन सळयांची उंची मोजत होतो. वायरमनने आपला पाइप थोडा सरकवून दिला. प्लंबरने मला गाव विचारलं. लांजा म्हटल्यावर त्याची मावशीच तिकडची निघाली. माझी ओळख करून देणं सळया उचलता उचलताच होऊन गेलं. ठरवलेलं भाषण राहिलं ते राहिलंच.

शेवटी मी मान हलवली. गंगारामकाकांनी खाली अंगणात उभं राहून, देवळाकडे तोंड करून, दुसरं गाऱ्हाणं घातलं. “म्हाराजा, सकाली बोललो त्यात घाई झाली. सायबांनी आता बघितलाय. खरोखर बघितलाय.” या वेळी “व्हय म्हाराजा” म्हणताना माझा आवाज सर्वांत मोठा होता. मिक्सर सुरू झाला आणि दिवेलागणीला शेवटचं घमेलं ओतलं गेलं. माणसं दुसऱ्या दिवशी शिमग्याला गेली.

सेंट्रिंग काढताना गॅलरीचे टेकू सगळ्यात शेवटी काढतात. त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. टेकू निघाले, गॅलरी जागच्या जागी राहिली. इम्तियाजभाईंनी खालून गॅलरी न्याहाळली आणि मला पुढच्या साइटचा पत्ता दिला.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. स्लॅबच्या आदल्या दिवशी जाऊन तपासतो, आणि स्लॅबच्या दिवशी सकाळी, गाऱ्हाणं आटोपल्यावर, पुन्हा. आदल्या दिवशी चहा मिळतो, खोबरं मिळत नाही. पण सळया मात्र जागेवर सापडतात.