एकाच आडनावाचं गाव

गारगोटीच्या पुढं आमचं गाव. दोन-चार घरं सोडली तर सगळ्यांचं आडनाव एकच. हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे, आणि नेमकं हेच मी विसरले.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला उचगावातल्या एका छोट्या ऑफिसात मला तीन महिने काम शिकायला घेतलं. ते दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. जमलं तर कायम ठेवू, असं सर म्हणाले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. ‘कायम’ हा शब्द आईला सांगताना मला उगाचच भीती वाटली होती.

दुसऱ्या महिन्यात तक्रार आली ती आमच्याच गावच्या संस्थेची. दूध मोजल्यावर सचिव सभासदाचं आडनाव टाकून आजवरच्या सगळ्या नोंदींत शोधायचे. यादी यायला मिनिटभर लागायचं, तोवर मागं रांग वाढायची.

सर म्हणाले, “तुझंच गाव हाय. शनिवारपर्यंत कर. तुझं पुढचं त्याच्यावरच ठरवू.”

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. क्वेरी हळू चालत असेल तर ज्या रकान्यावर शोधतो त्यावर इंडेक्स टाकायचा, म्हणजे पुस्तकाच्या मागं असते तशी सूची बनवायची. सगळी पानं चाळावी लागत नाहीत. मी आडनावावर इंडेक्स टाकला. तपासायला खोट्या नोंदी भरल्या, त्यात वर्गातल्या हजेरीपटासारखी तऱ्हेतऱ्हेची आडनावं. उत्तर चटकन आलं. मी तीनदा चालवून बघितलं आणि बरं वाटलं.

शनिवारी सकाळी सर मला गाडीवरून गावी घेऊन गेले. रांगेत आईही होती. तिचा नंबर आला. खातं वडलांच्या नावावर आहे, आणि आई त्यांचं नाव घेत नाही. बऱ्याच बायका घेत नाहीत. आमच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर आल्यापासून सभासदांचे नंबर बदलले होते, ते कुणी पाठ केले नव्हते. म्हणून तर सचिव आडनाव टाकून यादी काढायचे आणि माणूस हुडकायचे.

“आमच्यांचं काढा की,” आई म्हणाली.

सचिवांनी आडनाव टाकलं. पडद्यावरचं चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

“पावणं, ह्यात बदललं काय?” सचिवांनी सरांना विचारलं.

मागून एक काकू म्हणाल्या, “तवर म्हस परत पिळून येतो मी.” बायका हसल्या. आई हसली नाही.

मी सचिवांच्या खुर्चीवर बसले. डेटाबेस माझी सूची बघतसुद्धा नव्हता. मग ती वापरायची सक्ती केली, तर आणखी वेळ लागला. सूचीत एकाच शब्दापुढं जवळजवळ सगळी पानं लिहिली असतील, तर तिचा काय उपयोग? यादी आली तेव्हा सर ती खालपर्यंत सरकवत गेले. तेच आडनाव, तेच आडनाव.

“तू ह्याच गावची न्हवं?” ते हळू आवाजात म्हणाले.

मी हो म्हटलं. मग मी टाकलेला इंडेक्स काढला आणि आम्ही उचगावला परतलो.

सोमवारी ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं ते काम अर्ध्या दिवसात संपवलं. आडनावाचा शोधच काढून टाकला. सभासदानं नंबर सांगायचा, नंबरावर इंडेक्स. संस्थेनं घरोघरी नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या. सरांनी मला बोलावून सांगितलं, तीन महिने पूर्ण कर, दाखला देतो, पुढचं काय जमणार नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात आईचा फोन आला.

“नंबर पाठ केला मी. एकशे त्रेचाळीस. म्हटलं की लगेच दुधाची चिठ्ठी हातात येती. तूच केलंस न्हवं?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“रांगेत सगळ्यांस्नी सांगितलंय, आमच्या पोरीनं केलंय म्हणून. त्या म्हशीवालीला तर मुद्दाम सांगितलं. आता ठेवतील की तुला?”

“व्हय,” मी म्हटलं.

या महिन्याच्या शेवटी माझं ऑफिसातलं काम संपतंय. आईला अजून सांगितलेलं नाही. ती रोज सकाळी संस्थेत जाते आणि नंबर सांगते.