बोटावर अठ्ठ्याण्णव

"काकू, हाताचं बोट रोज पाहिलंत. पायाचं कधी पाहिलंत का?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा माझे यजमान रशीद तपासणीच्या टेबलावर होते आणि त्यांचा मोजा माझ्या हातात होता. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती.

पेरिफेरल आर्टरी डिसीज. म्हणजे पायाकडे रक्त नेणारी नळी चोंदणं. मधुमेहामुळे पाय बधिर. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या शिवणाच्या दुकानात सुई रुतली, त्यांना कळलंही नाही.

मी निवृत्त शिक्षिका. करोनापासून रोज संध्याकाळी ते घरी आले की बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावायचे, रक्तातला प्राणवायू बघायला. अठ्ठ्याण्णव आलं की आम्ही निर्धास्त चहा प्यायचो. चिमटा खोटं बोलला नाही. पायाचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पाऊल जाणार हे ठरलं होतं. प्रश्न गुडघ्याचा होता. तो राहिला तर कृत्रिम पायावर चालणं पुष्कळ सोपं. कापायचं कुठून, हे ठरवायला डॉक्टरांकडे अभ्यासासाठी आलेलं एक नवं यंत्र होतं: पॉलिमर फायबर सेन्सर. केसासारखा प्लॅस्टिकचा धागा. सुईतून मांसात सरकवतात आणि तिथे प्राणवायू किती पोचतोय ते मोजतात.

रशीदनी तो बोटांत धरून पाहिला. "नायलॉन आहे."

"पॉलिमर, काका."

"तेच ते. गाठ बसणार नाही याला."

तेवढ्यात रुग्णालयाचे एक विश्वस्त आले. यंत्राला हार घातला, नारळ वाढवला, फोटो काढला. रुग्ण फोटोत यावा म्हणून पलंग सरकवला आणि रशीदच्या खांद्यावर शाल घालू लागले. "मला शाल नको," रशीद म्हणाले, "मी स्वतः शिवतो."

गर्दी गेली. पावलात धागा गेला. पडद्यावरची रेघ उंच चढली आणि मी हात जोडले.

"उलट आहे, काकू," डॉक्टर हळू म्हणाले. "धाग्याच्या टोकाला रंगद्रव्य आहे. प्राणवायू मिळाला की त्याची चमक मंदावते. इथे ते फार चमकतंय."

मग घोट्याच्या वर. तिथेही रेघ उंचच. मग गुडघ्याच्या खाली. आकडा स्थिरावायला वेळ लागतो. डॉक्टर स्टुलावर बसून राहिले, घाई केली नाही. बऱ्याच वेळानं रेघ उतरली.

"गुडघा वाचेल."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन रडले. आनंदानं की कशानं, ते अजून ठरवलेलं नाही.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर डाव्या पायानं मशीन चालवून त्यांनी पहिला कपडा शिवला तो स्वतःचा पायजमा. उजवा पाय आखूड, शिवण बिनचूक. उरलेल्या कापडाची ऑक्सिमीटरला पिशवी केली. "घ्या बाई. याला आता निवृत्त करा."

पुढे सात महिने कृत्रिम पाय लावून ते दुकानाची पायरी चढले. मग हृदयानं साथ सोडली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, नळ्या फक्त पायाच्या चोंदत नाहीत. ते सात महिने त्या धाग्याचे, आणि स्टुलावर बसून राहिलेल्या माणसाचे. हार घालणाऱ्याचं नाव मला आठवत नाही.

तुमच्या घरी मधुमेह असेल तर रोज मोजे काढून पाय बघा. तळवा, बोटांच्या बेचक्या, सगळं. मीही संध्याकाळी माझे पाहते. दोन्ही ठीक असतात. मग चहा ठेवते. पाणी अजून दोन कपांचंच पडतं.