कोपरापर्यंत हात

आमच्या आबांनी साखरेच्या डब्यातली वरची साखर कधीही घेतली नाही. डबा उघडला की ते बाही वर सारत, कोपरापर्यंत हात आत घालत आणि तळची मूठ बाहेर काढून उजेडात पाहत. हेच पिठाचं, हेच माझ्या दप्तराचं. लग्नाकार्यात आलेल्या फराळाच्या टोपलीतसुद्धा त्यांचा हात आधी तळाशी जायचा. देणाऱ्याचं तोंड उतरलं तरी आबांना त्याचं काही वाटत नसे. उलट तोंड काहून उतरलं, याचा त्यांना नवा संशय यायचा.

यात त्यांचा फारसा दोष नव्हता. अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आबा कापसाची प्रत ठरवायचे. हंगामात दिवसाला पन्नास-साठ गाड्या त्यांच्यापुढे उभ्या राहत. गाडीच्या वरच्या थरात पांढराशुभ्र कापूस आणि खाली पाणी शिंपडून जड केलेला, असा प्रकार नेहमीचाच. आबा गाडीच्या पोटात हात घालत, तळचा कापूस उपसत आणि पालथ्या हाताला किंवा गालाला लावून पाहत. ओल त्यांच्या कातडीला कळायची. त्यांचा निकाल दोन शब्दांचा असे. कोरडा असला तर हमालांना "घ्या", ओल असली तर गाडीवानाला "परत". तिसरा शब्द नाही. कोणी गयावया केली तर म्हणत, "वरचा थर दाखवाले ठेवेल असते. मले तळचा दाखवा."

दुसरी एक खोड होती. ज्याचा संशय आला त्याला आबा कधी काही विचारत नसत. "इचारलं की मानूस उत्तर तयार करते," असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा ते खूण ठेवत. परत पाठवलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फाटकानं येईल असं वाटलं, की तिच्या दांडीला गुपचूप एक चिंधी बांधायचे. दुसऱ्या फाटकाशी ती चिंधी दिसली, म्हणजे चोर सापडला. घरीही तेच. लोणच्याच्या बरणीवरचा दोरा ते एका विशिष्ट पद्धतीनं गुंडाळून ठेवत. मी दोनदा पकडली गेले आणि तिसऱ्यांदा तीच गाठ मारायला शिकले. माझ्या स्वभावात जो काही पोलिसी अंश आहे, तो तिथून आलेला आहे.

आबांचा सगळ्यात मोठा संशय होता त्यांच्या जावयावर. माझी यमूआत्या त्यांची एकुलती मुलगी. तिला दिलं ते जंगलखात्यातल्या एका रेंजरला. विदर्भ तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि हे गृहस्थ साताऱ्याकडून बदलून मेळघाटात आले होते. आम्ही त्यांना रेंजरमामा म्हणत असू. ते हळू बोलत, प्रत्येक वाक्याला "अहो आबा" म्हणत आणि कशालाच नाही म्हणत नसत. एवढं गोड बोलणारा माणूस आबांनी जन्मात पाहिला नव्हता. "याच्या तळाशी काय हाये थे समजून नाई राहिलं," असं ते माझ्या बाबांना म्हणायचे. बाबा शाळामास्तर. ते वह्या तपासत हूं म्हणायचे.

आत्याची पत्रं महिन्याला एक यायची. सुरुवातीला "तीर्थरूप आबांस", शेवटी "इकडे सर्व खुशाल आहे". एका वर्षी पावसाळ्यात दोन महिने पत्र आलं नाही. मग आलं त्यातही सर्व खुशालच. आबांनी ते पत्र पालथ्या हातावर घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून बसले. मला म्हणाले, "याच्यात ओल हाये."

त्या दिवाळीच्या सुट्टीत रेंजरमामांचं बोलावणं आलं. त्यांना तापीकाठचं जंगल पाहत खाली जायचं होतं. दोन डोंगे घेऊ, चार दिवस नदीनं जाऊ, रोज रेतीवर मुक्काम करू, आबांनी, बाबांनी आणि मुलीनं अवश्य यावं, असं त्यांनी लिहिलं होतं. आबांनी पत्र तीनदा वाचलं. "रस्ता हाये तं नदीनं काहून?" एवढंच बोलले आणि निघायची तयारी केली. त्यांच्या सामानात कुलूप लावलेली एक मोठी पत्र्याची पेटी होती. मी ती सरकवायला गेले तर एका हातानं उचलली गेली. पेटी रिकामी होती. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "येतानी भरून येईन. तुया आत्याचं सामान आनाचं हाये. तळाशी काही निघालं तं तिले घेऊन येनार. बापाले सांगू नको." तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आत्या घरी येणार या कल्पनेनं मला आनंदच झाला, हे कबूल करते.

अकोल्याहून अंजनगाव, तिथून परतवाडा आणि पुढं जंगलखात्याच्या ट्रकमधून धारणीच्या पलीकडं. आत्या दारात उभी होती. वाळली होती, काळवंडली होती, पण हसत होती. आबांनी ते हसणं वरचा थर म्हणून बाजूला ठेवलं आणि तिच्या घरात शिरले. डाळीचे डबे, तांदळाची कणगी, पाण्याचे माठ, सगळीकडं हात घालून झाला. काही निघालं नाही. त्यामुळं संशय वाढलाच.

डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरून काढलेली होडी. बसलं की कमरेपर्यंत लाकूड आणि बोटभर अंतरावर पाणी. पुढच्या डोंग्यात आबा, मी आणि आत्या, मागच्यात बाबा, रेंजरमामा आणि सामान. आमचा डोंगा सुखलाल भोई चालवी, मागचा त्याचा भाऊ. खोल डोहात वल्हं आणि उथळात बांबू. जिथं नदी दगडांवरून घसरायची तिथं सगळ्यांनी उतरायचं आणि डोंगा दोरीनं धरून खाली सोडायचा. दुसऱ्या दिवशी एका उथळात आत्यानं सुखलालच्या हातातून बांबू घेतला, पदर खोचला आणि दोन खडकांमधून डोंगा सरळ काढला. आबा बघत राहिले. "हे तुले कोनं शिकवलं?" आत्या मागच्या डोंग्यातल्या मामांकडं बघून म्हणाली, "ह्याईनंच. दुसरं कोन हाये इथं?" मला ते उत्तर आवडलं. आबांना नाही आवडलं.

एका सकाळी रेतीत वाघाचे पंजे दिसले. रेंजरमामांनी कौतुकानं दाखवले. आबा उकिडवे बसले, एका पंजात बोटं घालून खोली पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हन्याईले दाखवाले यानंच उमटवले असतीन."

सुखलाल मात्र आबांच्या तोडीस तोड होता. आबांचा माणसांवर विश्वास नव्हता, त्याचा नदीवर नव्हता. समोर निळं, संथ पाणी असलं तरी तो आधी बांबू टोचून बघायचा. बोलायचा फार थोडं. रोज संध्याकाळी मुक्काम पडला, की तो एक काडी सोलून पांढरी करायचा, पाण्याच्या अगदी काठाशी रोवायचा आणि रेंजरमामांकडं बघून मान हलवायचा. मामाही मान हलवायचे.

ते मान हलवणं आबांच्या डोक्यात बसलं. दोन दिवसांत त्यांनी सगळं जुळवून ठेवलं. वरच्या जंगलातून सागाचे ओंडके चोरून नदीत सोडतात, हे त्यांनी ट्रकमध्ये ऐकलं होतं. म्हणजे ही काडी ओंडके घेऊन येणाऱ्यांसाठी खूण, भोई त्यांचा माणूस आणि जावई त्यात सामील. म्हणून रस्ता सोडून नदी. म्हणून एवढं गोड बोलणं. सुखलालला एका शब्दानं विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, पण विचारणं आबांच्या नियमात बसत नव्हतं.

तिसरा मुक्काम रेतीच्या एका लांबट उंचवट्यावर होता. पुढं नदी, मागं एक कोरडा नाला आणि त्यापलीकडं उंच काठ. आबांनी झोपायची जागा निवडताना रेतीत कोपरापर्यंत हात घातला. "कोरडी हाये," म्हणाले. अंधार पडायच्या सुमाराला सगळे चुलीपाशी होते, तेव्हा आबा मला घेऊन पाण्याकडं गेले. सुखलालची काडी उपटली आणि तिथून चांगली दहा पावलं वर, कोरड्या रेतीत रोवली. "कोनाले सांगू नको. सकाळी पाहू कोनाचं तोंड उतरते." चिंधीचाच प्रकार होता. मी मान हलवली, अगदी रेंजरमामांसारखी. मला फार महत्त्व आल्यासारखं वाटलं.

पहाटे उजाडायच्या आधी सुखलालनं रोजच्यासारखी अंथरुणातूनच मान उचलून काठाकडं पाहिलं. पांढरी काडी दिसत होती. पाणी तिच्या पायाशी होतं, त्यानं ठेवलं होतं तसंच. तो पुन्हा आडवा झाला. हे त्यानं आम्हाला नंतर सांगितलं.

थोड्या वेळानं आबा उठले. भोयांवर भरवसा नाही म्हणून ते चष्म्याची डबी रोज उशाखालच्या रेतीत पुरून ठेवत. ती काढायला त्यांनी हात घातला आणि मनगटापाशीच थांबले. मला त्यांच्या हलण्यानं जाग आली होती. त्यांनी हात बाहेर काढला, गालाला लावला, पुन्हा घातला. मग काडीकडं पाहिलं. तिथं काल कोरडी रेती होती हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

आबांनी आयुष्यात आपली चूक कोणापुढं कबूल केल्याचं आमच्या घरात कोणाला आठवत नव्हतं. गप्प राहून नुसतं "उठा" म्हणता आलं असतं. पण सुखलालनं काडी पाहिली असती आणि त्यांनाच वेड्यात काढलं असतं, आणि वाद घालायला वेळ नव्हता. आबा उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "सुखलाल, उठ. थे काडी खोटी हाये. म्या हालवली. पानी चढून राह्यलं."

वर डोंगरात कुठंतरी अवकाळी पाऊस झाला होता. आमच्यावर एक थेंब नव्हता. मागच्या कोरड्या नाल्यात मांडीइतकं गढूळ पाणी चालू झालं होतं आणि आमची रेती बेट झाली होती. सुखलालनं मला खांद्यावर घेतलं. आत्यानं आबांचा हात धरला, रेंजरमामांनी दुसरा. बाबांनी स्वतःचा चष्मा तेवढा वाचवला. आम्ही पलीकडच्या काठावर चढलो तेव्हा पाणी सुखलालच्या छातीला लागलं होतं. एक डोंगा त्याच्या भावानं ओढून काढला. दुसरा सामानासकट आमच्या डोळ्यांसमोर वळला आणि गेला. त्यात आबांची पेटी होती.

रेंजरमामांनी स्वतःचा सदरा पिळून आबांच्या अंगावर टाकला आणि लाकडं गोळा करायला गेले. सुखलाल नदीकडं तोंड करून बसला. त्या गप्प बसण्यानं आबा बेजार झाले. शेवटी त्यांनीच, बहुधा जन्मात पहिल्यांदा, ज्याचा संशय घेतला त्यालाच प्रश्न विचारला. "सुखलाल, थे काडी कायच्यासाठी?"

"पानी पाह्याले, बाबा. काडी भिजली का उठाचं. नदीचा भरोसा नाई."

आबा खाली बघत राहिले. मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

मग आत्या त्यांच्या शेजारी येऊन बसली. पदर पिळता पिळता म्हणाली, "आबा, तुमी मले न्याले आले, मले ठाऊक हाये. पेटी रिकामी होती."

आबांनी मान वर केली.

"पावसाळ्यात पत्र नव्हतं आलं ना माझं? पोरगी झाली होती. नऊ दिवस राह्यली. तुमाले कळवलं असतं तं तुमी दुसऱ्या दिवशी आले असते, अन् मी तुमच्यासंग निघून आले असते. मले ह्याईले इथं एकटं सोडाचं नव्हतं. ह्याईनं नऊ दिवस तिले खाली ठेवलं नाई, आबा."

म्हणजे आबांचा संशय खरा होता. पत्रात ओल होती. फक्त ती त्यांना वाटली तशी नव्हती. आयुष्यभर त्यांनी ओल सापडली की माल परत पाठवला होता. त्या सकाळी त्यांचा हात तळापर्यंत गेला आणि पुढं त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी तो आत्याच्या पाठीवर ठेवला आणि मामा लाकडं घेऊन येईपर्यंत तसाच ठेवला.

पाणी दुपारनंतर उतरलं. वाहून गेलेला डोंगा कोसभर खाली खडकात अडकलेला सापडला, पेटी नाही. शेवटच्या मुक्कामाला सुखलालनं काडी सोलली आणि ती आबांच्या हातात दिली. "तुमीच गाडा, बाबा." आबांनी काठाशी बसून ती रोवली, दोनदा हलवून घट्ट आहे का पाहिली आणि जावयाकडं बघून मान हलवली. आत्याला न घेता आम्ही अकोल्याला परतलो.

त्यानंतर आबा सुधारले असं मी म्हणणार नाही. साखरेच्या डब्यातला हात शेवटपर्यंत तळाशीच गेला. फरक एवढाच पडला, की मेळघाटातून पत्र आलं की ते आता बाबांना म्हणत, "इचारून पाह्य बरं, खरंच बरे हायेत का." आणि उत्तर आलं की ते तपासत नसत. माझं मात्र उलटं झालं. कोणी मला "काही नाही, सगळं ठीक आहे" म्हटलं, की माझी बाही आजही आपोआप वर जाते. पण आधी विचारते.

एकोणीसशे पासष्ट-सहासष्टच्या सुमाराला आबांनी अंथरूण धरलं. आत्या आणि मामा आले तेव्हा त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती. आत्या उशाशी बसली. आबांनी कोण आहे असं विचारलं नाही. उजवा हात उचलला, पालथा केला आणि तिच्या गालाला लावला. ती रडत होती.

"ओल हाये," आबा म्हणाले.

हात तिथंच होता. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडं, जिनातल्या हमालांकडं बघावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "घ्या."