मावशीच्या पेटीतला मुका मध्यम

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. संगीत घेऊन बीए झाले, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प केला तो मावशीच्या पहिल्या नवऱ्यावर. रेणापूर भागात शाहीर म्हणून त्यांचं मोठं नाव होतं. त्यांच्या चालीत सूर गंधारावरून मध्यम टाळून थेट पंचमावर जायचा. लोक त्याला 'शाहिरांची उडी' म्हणत. मी त्या उडीवर वीस पानं लिहिली, वर्गात पहिली आले आणि तोऱ्यात मावशीला वाचून दाखवली.

मावशी तूर निवडून राहिली होती. म्हणाली, "झ्याक लिवलंस. आता माझी पेटी काढ अन् मध्यम दाब."

दाबला. नुसती हवा फुसफुसली.

"चाली मीच बसवायची, बाई. नवी पेटी फडासंगं गावोगाव जायची, ही माहेरची घरी राहायची. तो सूर बोलतच न्हाई, तर घालू कुठून? मग उडी मारायची."

मी वीस पानं पिशवीत घातली. पहिल्या नंबराचं मला तेव्हा जे वाटलं, ते लिहवत नाही.

शाहीर वारल्यावर मावशीनं लातूरच्या एका भजनीबुवांशी लग्न केलं. जाताना हीच माहेरची पेटी नेली. बुवाही गाजले, आणि त्यांच्या भजनांतही तीच उडी. बुवांनी चाली चोरल्या, असं शाहिरांचे शिष्य उघड म्हणायचे.

बुवाही गेले. गेल्या वर्षी दोघांच्या आठवणीत लातुरात एकच कार्यक्रम ठरला. पत्रिकेत 'चाली' या शब्दापुढं नाव कुणाचं, यावरून दोन्हीकडची माणसं मावशीच्याच घरी भांडायला बसली. मी नांदेडहून, शिकवते त्या शाळेतून रजा काढून आले होते. मावशी सगळ्यांना चहा देऊन राहिली होती.

"वहिनी, तुमीच सांगा," शाहिरांचा म्हातारा डफवाला म्हणाला, "चाल आमच्या उस्तादांची का बुवांची?"

मी तोंड उघडलं, तर मावशीनं हातानं गप्प केलं. पेटी त्याच्यापुढं सरकवली. "वाजव तुझ्या उस्तादाची चाल. आता बुवांचं भजन. आता मधला सूर दाब."

म्हाताऱ्यानं तो तीनदा दाबला.

"म्हंजी वहिनी, आमी जलमभर पेटीचा बिघाड गाऊन राहिलो?"

"हाव. पण लई गोड गायलात."

बुवांचा टाळकरी चिडला. "मग इतकी वर्षं बोलला का न्हाईत?"

"तुमचं भांडण दोघा नवऱ्यांचं. त्यात तिसरं नाव निघू शकतं, हे तुमच्यापैकी कुणाला सुचलं?"

पत्रिकेत मावशीचं नाव छापलं गेलं. ती पत्रिका तिनं देव्हाऱ्यात नाही, फ्रिजवर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून.

नंतर मी पेटी नांदेडला दुरुस्त करून आणली. मावशीनं दिवसभर नुसता मध्यम वाजवला. महिन्याभरात नवी चाल बसवली, मध्यमाची, संथ. ऐकून डफवाल्यानं मान हलवली. "चाल चांगली हाय वहिनी, पण उडी न्हाई. तुमची वाटत न्हाई."

मावशीला इतकं खूश झालेलं मी पत्रिकेच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. त्याला तिनं दुसरा चहा दिला.